फतेगंजचा मॅचवाला कॅफे, आणि वेंगरचा कुठला फोटो लावायचा हा प्रश्न

बडोद्यात रात्री फुटबॉल बघायला नीट जागा नाही ही तक्रार मी कॉलेजपासून करत आलेय, म्हणून आधीच सांगते, ही जागा चांगली आहे, पाचपैकी चार स्टार, आणि एक का कापला ते खाली येईलच. गुजरातमध्ये दारूबंदी, त्यामुळे मुंबई-पुण्याला लोक पबमध्ये जाऊन मॅच बघतात तो प्रकार आपल्याकडे नाहीच, इथे जे काय व्हायचं ते कोल्ड कोको आणि मस्काबनवर. मला ते जास्त आवडतं, कारण नव्वद मिनिटं संपल्यावरसुद्धा प्रत्येकाचं डोकं ठिकाणावर असतं आणि वाद मुद्द्याला धरून चालतो.

कॅफे युनिव्हर्सिटीच्या बाजूच्या गल्लीत आहे, वरच्या मजल्यावर. काळा घोडा सर्कलवरून फतेगंजकडे आलात की रिक्षावाल्याला फार समजवावं लागत नाही. हॉस्टेलची मुलं जास्त, केरळची, मणिपूरची, बंगालची, त्यांच्यामुळेच या भागात फुटबॉल जिवंत आहे असं माझं मत आहे, कारण आपल्या शहराचं रक्त क्रिकेटचं, हजारे, गायकवाड, पठाण, पंड्या, मोतीबागपासून सगळं तेच. शनिवार-रविवारी मात्र आपली मंडळीपण दिसतात, रावपुरा, दांडिया बाजार, वाडी, कानावर मराठी पडते. बायकांसाठी जागा कशी आहे हे विचारणाऱ्यांना सांगते, मी एकटीपण जाऊन बसलेय, रात्री साडेबाराला निघालेय, कधी अडचण आली नाही, जिन्यात लाइट चांगला आहे, बाथरूम स्वच्छ आणि कडी नीट लागते (ही गोष्ट कोणी रिव्ह्यूमध्ये लिहीत नाही, पण तीच आधी बघावी लागते).

स्क्रीन म्हणजे प्रोजेक्टर, मोठा आहे, पण मागच्या दोन टेबलांवरून डावा कोपरा खांबामुळे दिसत नाही, म्हणजे अर्धा वेळ कॉर्नर कोण मारतोय तेच कळत नाही. आवाज पूर्ण चालू ठेवतात, इंग्लिश कॉमेंट्रीसकट, आणि मधेच हिंदी गाणी लावत नाहीत. हे लहान वाटेल पण शहरात बाकी जिथे जिथे मॅच लावतात तिथे चित्र मॅचचं आणि आवाज डीजेचा, त्याला काय अर्थ आहे. मॅच इंटरनेटवरून येते त्यामुळे खऱ्या वेळेच्या थोडी मागे असते, म्हणून इथे एक नियम आहे, किकऑफ झाला की सगळ्यांनी फोन टेबलावर पालथे ठेवायचे. नाहीतर कोणाच्या तरी फोनवर गोलचं नोटिफिकेशन आधी टुणकन वाजतं आणि पुढचा अर्धा मिनिट सगळे त्याच्याकडे रागाने बघत बसतात. नियम मालकाने काढला नाही, गिऱ्हाइकांनीच पाडला, आणि नवीन माणसाला वेटर पाण्याच्या ग्लासाबरोबर हळूच सांगून जातो.

वेळेचं लक्षात ठेवा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगची शनिवारची मुख्य मॅच एरवी संध्याकाळी साडेसातला असते, पण ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे गेली की तीच साडेआठला, आणि दहावाली अकराला जाते. मग हिवाळ्यात कॅफेवाल्याची पंचाईत होते, कारण अकराची मॅच संपेपर्यंत एक वाजतो. तरी तो शटर अर्धं ओढून बसू देतो, किचन बंद करतो फक्त, चहा मिळतो. चॅम्पियन्स लीगच्या दीड वाजताच्या मॅच इथे लागत नाहीत, ती अपेक्षा ठेवू नका.

खाण्याचं पटकन सांगते. कोल्ड कोको घट्ट आणि खरोखर थंड, डोळे मिटून मागवा. मस्काबनला मस्का सढळ. ग्रिल सँडविच ठीक, हिरवी चटणी झणझणीत आहे म्हणून चालून जातं. पेरी पेरी फ्राइज हाफटाइमला मागवू नका, सगळे तेव्हाच मागवतात आणि प्लेट सत्तराव्या मिनिटाला येते तीसुद्धा मऊ पडलेली. पोटभर खायचं असेल तर येताना सेव-उसळ खाऊनच या, ते मी कुठल्याच कॅफेबद्दल म्हणेन. दोघांचं तीनशे-साडेतीनशेत होतं.

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले ते. पायऱ्या चढून आलं की समोरच्या भिंतीवर मॅनेजर लोकांचे फोटो आहेत, फ्रेम करून. मालक स्वतः मँचेस्टर युनायटेडवाला, त्यामुळे मधोमध त्यांचा फर्ग्युसन, त्याच्या बाजूला क्लॉप, ग्वार्डिओला, आणि एक रिकामी फ्रेम. ती आर्सेन वेंगरची, आर्सेनल या लंडनच्या क्लबच्या जुन्या मॅनेजरची. रिकामी का तर आमचं आर्सेनलवाल्यांचं ठरत नाही की कुठला फोटो लावायचा. मालकाने सरळ सांगितलंय, तुम्ही लोकं एक ठरवून द्या, प्रिंट मी काढतो. माणूस २०१८ला क्लब सोडून गेला आणि फतेगंजला त्याच्यावर आजही दर मॅचनंतर तास-तास वाद चालतो.

मागच्या रविवारी तो वाद अगदी रंगला. एक काका येतात रावपुऱ्याहून, बँकेतून रिटायर झालेले, शर्टाच्या खिशाला कायम पेन. त्यांचं मत ठाम, २००४चा फोटो, इनव्हिन्सिबल्सचा, सोनेरी ट्रॉफीवाला. ३८ मॅच, २६ जिंकल्या, १२ ड्रॉ, एकही हरली नाही, आणि मागचा-पुढचा सीझन धरून सलग ४९. यावर बोलायचं काय? माझा मावसभाऊ बरोबर होता, वय पंचवीस, तो म्हणाला काका, तुम्ही ट्रॉफीवर बोलता, मी जो वेंगर पाहिला त्याच्यावर बोलू का? ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडकडून ८-२ हार. चेल्सीकडून ६-० आणि तीही त्याची हजारावी मॅच. बायर्नकडून दोन मॅच मिळून १०-२. फोटो लावायचा तर आर्टेटाचा, नंतरच्या मॅनेजरचा, लावा, निदान टीम परत उभी तरी केली, २०२२-२३पासून सलग तीन सीझन दुसरा नंबर.

काका चिडले नाहीत. त्यांनी बिल उलटं केलं, खिशातलं पेन काढलं आणि एकाखाली एक आर्सेनलचे लीगमधले नंबर लिहीत गेले, २००५-०६पासून. ४, ४, ३, ४, ३, ४, ३, ४, ४. मग पेनाचं टोक त्या रांगेवरून वरून खाली फिरवत म्हणाले, ‘हे बघ, यात एक तरी पाच आहे का? नवीन स्टेडियमचे हप्ते चालू होते रे तेव्हा.’ भावाने पेन घेतलं, खाली ३ आणि २ लिहिला, त्याच्याखाली ५ आणि ६, आणि त्या शेवटच्या दोघांभोवती वर्तुळ काढलं. २०१६-१७ आणि २०१७-१८. ‘आणि हे काय आहे काका? हप्ते संपत आल्यावर?’

मला विचाराल तर तो कागदच फ्रेममध्ये लावायला हवा होता, इतकं सगळं त्यात आहे. जुन्या स्टेडियमला, हायबरीला, जेमतेम ३८ हजार माणसं मावायची, तिकिटांचा पैसा युनायटेडच्या मानाने कमी, म्हणून शेजारीच साठ हजारांचं एमिरेट्स बांधलं, खर्च सुमारे ३९ कोटी पाउंड, २००६ला उघडलं. त्या पैशासाठी स्पॉन्सरशिपचे करार आधीच लांबच्या मुदतीचे करून टाकले, २००४च्या दराने, आणि पुढे बाकी क्लबांचे भाव चढत गेले तरी आमचा तोच. वेंगरने स्वतः नंतर सांगितलंय की कर्ज देताना बँकांना तो पाच वर्षं तरी थांबणार याची खात्री हवी होती. काका त्यावर म्हणतात, आम्हीपण कर्ज देताना धंदा नाही, धंदा चालवणारा माणूस बघायचो. आणि नेमकं त्याच काळात चेल्सीला अब्रामोविचसारखा अब्जाधीश मालक मिळाला, २००८ला मँचेस्टर सिटीला अबूधाबीचा पैसा. मग काय, आमचा आदेबायोर सिटीला, कोलो तूरे सिटीला, क्लिशी, नासरी सिटीला, फॅब्रेगस बार्सिलोनाला, आणि सगळ्यात झोंबलं ते २०१२ला व्हॅन पर्सी थेट युनायटेडला गेला आणि पहिल्याच वर्षी तिकडे लीग जिंकला. घराचा हप्ता डोक्यावर असताना शेजारी रोज नवी गाडी आणतोय अशी गत होती, आणि तरीही दरवर्षी पहिल्या चारात राहून चॅम्पियन्स लीगची जागा सोडली नाही. ट्रॉफी नाही म्हणून त्या वर्षांचा फोटोच नाही कुठे, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम तेच आहे, २००४पेक्षाही.

हे बोलले तर काकांना राग आला, इनव्हिन्सिबल्सपेक्षा चौथा नंबर मोठा कसा गं? मी म्हटलं काका, सुरुवातीच्या वर्षांत त्याला तयार माल पण मिळाला होता ना, सीमन, डिक्सन, विंटरबर्न, अ‍ॅडम्स, कीओन, सगळी त्याच्या आधीची बॅकलाइन. त्यांच्या जेवणापासून स्ट्रेचिंगपर्यंत सगळं बदलून त्याने त्यांचं करिअर वाढवलं हे खरं, अनेल्का पाच लाख पाउंडला आणून सव्वादोन कोटींच्या आसपास विकला हेही खरं, पण तेव्हा बरोबरीचा एकच होता, फर्ग्युसन. नंतर समोर तीन-चार श्रीमंत क्लब उभे राहिले आणि याच्या हातात वीस-बावीस वर्षांची पोरं. २००८चा फेब्रुवारी आठवा, पाच पॉइंटने पुढे होतो, बर्मिंगहॅमला आपल्या एदुआर्दोचा पाय मोडला, २-२ झाली, कॅप्टन गालास मैदानातच बसून राहिला, आणि शेवटी चार पॉइंटने लीग गेली. त्या सीझनला नशिबाची थोडी जरी साथ असती तर आज ही फ्रेम रिकामी नसती.

पण भावाचं म्हणणंसुद्धा मी खोडू शकत नाही, आणि इथेच माझं आणि काकांचं जमत नाही. २०१३च्या सप्टेंबरला ओझिल आला, सव्वाचार कोटी पाउंड, म्हणजे तिजोरी उघडली होती. त्याच उन्हाळ्यात सुआरेझसाठी चार कोटी आणि वर एक पाउंड अशी ऑफर केली, तो प्रकार आठवला तरी मला आजही राग येतो, घ्यायचा तर नीट पैसे टाकून घ्या. आणि २०१५चा उन्हाळा! अख्ख्या विंडोत (खेळाडू विकत घ्यायच्या मुदतीत) मैदानात खेळणारा एक खेळाडू घेतला नाही, फक्त गोलकीपर पेत्र चेक. त्या सीझनला चेल्सी, सिटी, युनायटेड सगळे ढेपाळले होते आणि लीग कोणी जिंकली, लेस्टरने, ८१ पॉइंट, आपण दुसरे, ७१. भावाने वर्तुळ काढायला तो २ घ्यायला हवा होता, ५ आणि ६ नाही. तिथे सबब उरलीच नव्हती. पुढच्याच वर्षी वेस्ट ब्रॉमला मॅच चालू असताना वरून एक विमान ‘वेंगर आउट’चा बॅनर घेऊन गेलं आणि दुसरं ‘आमचा आर्सेनवर भरोसा’ म्हणत. स्वतःच्या क्लबच्या लोकांनी एकमेकांविरुद्ध आकाशात पैसे उडवले, हे बघणं फार वाईट होतं. २०१७ला चेल्सीला हरवून एफए कप जिंकला, तो त्याचा सातवा, त्या संध्याकाळी सोडायला हवं होतं. दोन वर्षांची सही केली आणि एकाच वर्षात जावं लागलं.

एवढ्यात शेजारच्या टेबलावरचा केरळचा एक मुलगा, तोही आर्सेनलवाला, इतका वेळ ऐकत होता, हिंदीत म्हणाला, दीदी, आर्टेटा को लाया कौन? आणि सगळे गप्प. ८-२ झाली २८ ऑगस्ट २०११ला, आणि तीनच दिवसांनी, विंडो बंद होता होता, एव्हर्टनहून वेंगरने खेळाडू म्हणून जो आणला तो आर्टेटा. त्याच टीमने त्या सीझनला तिसरा नंबर काढला. भावाने यावर उत्तर दिलं नाही पण कागद मात्र घडी करून स्वतःच्या पाकिटात ठेवला.

हे सगळं चालू असताना मालकाने एकदाही बिल आणून आपटलं नाही, ‘बीजु कंई?’ म्हणून घाई केली नाही. उलट एक चहा जास्तीचा आला, आणि मग स्वतः खुर्ची ओढून बसला. युनायटेडवाला असून सांगत होता की २००९चा फोटो लावा, ओल्ड ट्रॅफर्डवर बाटलीला लाथ मारली म्हणून रेफरीने बाहेर काढलं आणि बसायला जागा नाही म्हणून वर प्रेक्षकांपुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला तो. म्हणे आम्ही त्या दिवशी जिंकलो, पण लक्षात तोच राहिला. काका नको म्हणाले, हरलेल्या मॅचचा फोटो भिंतीवर नको. मी म्हटलं २०१४, वेम्ब्ली, एफए कपची फायनल, हल सिटीविरुद्ध दोन गोल खाल्ल्यावर ३-२, एक्स्ट्रा टाइममध्ये रॅमसेचा गोल, नऊ वर्षांनी ट्रॉफी, आणि पोरांनी त्याला वर उडवला तो फोटो. कारण त्या कागदावरची सगळी चौक्यांची रांग त्या फोटोत येते. आता काउंटरवर एक बरणी ठेवलीय, आर्सेनलवाल्यांनी चिठ्ठी टाकायची, माझी टाकून झाली. बाकीच्यांनी आपापली टाका, लिव्हरपूलवाल्यांनी गंमत म्हणून टाकू नये ही विनंती.

सर्व्हिस म्हणजे मला हेच अपेक्षित असतं, माणसाला बसू देणं. वेटर पोरं पण चांगली आहेत, एकाला ऑफसाइड कळतो आणि तो न कळणाऱ्यांना शांतपणे समजावतो, सेकंड-लास्ट डिफेंडरपर्यंत.

आता कापलेला स्टार. मार्चअखेर आयपीएल सुरू झाली की मोठा स्क्रीन क्रिकेटला जातो. गुजरातची मॅच असेल तर समजू शकते, गिऱ्हाईक तिकडे जास्त, धंदा आहे. पण मुंबई-लखनौ असली तरी तेच, आणि आम्हाला आतल्या खोलीत छोटा टीव्ही, सात-आठ खुर्च्या, पंखा आवाज करणारा. एप्रिल-मे म्हणजे प्रीमियर लीगचा निकाल लागायचे दिवस, अख्खा सीझन ज्यांनी हिवाळ्यात अर्ध्या शटरखाली बसून मॅच बघितल्या, कोको प्यायला, त्यांना ऐन शेवटी आत ढकलणं बरोबर नाही. मालकाला तोंडावर सांगितलंय, इथेपण लिहितेय. निदान आतल्या खोलीला मोठा टीव्ही घ्या आणि खुर्च्या वाढवा, आम्ही मस्काबन दोन जास्त मागवू. आणि तो खांबामागचा प्रश्न, प्रोजेक्टर दीड-दोन फूट उजवीकडे सरकवला तर सुटेल असं वाटतं, एकदा करून बघा.

पार्किंग खाली फक्त टू-व्हीलर, चारचाकी मेन रोडला लावावी लागते आणि नवरात्रात तर आणूच नका, गरबा सुटल्यावर ती गल्ली हलत नाही. रविवारची मोठी मॅच असेल तर अर्धा तास आधी पोचा आणि भिंतीलगतचा सोफा धरा, तिथून स्क्रीनपण पूर्ण दिसतो आणि काकांचं टेबल हाताच्या अंतरावर.